वीज गेली तरी न विसरणारं यंत्र

मोबाईलच्या दुकानात गेलं की दुकानदार आपल्याला दोन आकडे सांगतो. 'हा आठ-एकशेअठ्ठावीस आहे, तो बारा-दोनशेछप्पन्न.' आपण मान डोलावतो. दुसरा आकडा मोठा तेवढे फोटो जास्त, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पहिला कशाचा, असं विचारलं तर 'तो जास्त असला की फोन फास्ट चालतो' असं उत्तर मिळतं, आणि ते काही चुकीचं नाही. पण एकाच यंत्राला दोन मेमऱ्या हव्यात कशाला? एकच मोठी का नाही देत?

प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी पाऊणशे वर्षं मागं जावं लागतं. त्या वाटेवर एक गोष्ट भेटते, जी आम्हाला या सगळ्या इतिहासातली सर्वांत नवलाची वाटत आली आहे. साधारण वीस वर्षं संगणकाची कामाची मेमरी वीज गेली तरी काहीही विसरत नव्हती. आपल्याकडे ती होती, आणि आपण ती सोडून दिली. आज तिच्याचविषयी बोलायचं आहे.

आधी थोडी तयारी करू. जुन्या किराणा दुकानात शेटजींसमोर एक पाटी असायची आणि मागं लाल बासनात चोपड्या. गिऱ्हाईक समोर असताना बेरीज-वजाबाकी पाटीवर व्हायची, कारण ती हाताशी असते आणि पुसता येते. उधारी मात्र चोपडीत जायची. चोपडी काढायला, पान शोधायला वेळ लागतो, पण दिवाळीपर्यंत ती उधारी तिथं राहते. संगणकातली पाटी म्हणजे तो पहिला आकडा, रॅम. चोपडी म्हणजे दुसरा, स्टोरेज. प्रोसेसर जे काही करतो ते पाटीवर करतो. चोपडीतलं पान त्याला थेट वाचता येत नाही, ते आधी पाटीवर उतरवून घ्यावं लागतं. एवढं लक्षात ठेवलं तरी आजच्यापुरतं पुरे.

आता १९४६ सालचा एनिॲक घ्या. अठरा हजारांच्या आसपास व्हॅक्यूम ट्यूब असलेलं अगडबंब यंत्र, आणि त्यातल्या आकडे धरून ठेवणाऱ्या जागा वीस. प्रत्येकीत दहा अंकी एक संख्या. नवं गणित द्यायचं तर तारा उपसून पुन्हा जोडायच्या, त्यात दिवस जायचे. हे टाळायचं असेल तर गणित कसं करायचं त्याच्या सूचनाही आकड्यांसारख्या यंत्राच्या आतच ठेवायला हव्यात, हे लोकांच्या लवकरच लक्षात आलं. पण ठेवायच्या कशात? पुढची सात-आठ वर्षं संगणक बनवणाऱ्यांचं डोकं मुख्यतः याच प्रश्नानं खाल्लं. गणित करणारे भाग तयार होते, लक्षात ठेवणारा भाग नव्हता.

पहिला तोडगा पाऱ्याचा. केंब्रिजला मॉरिस विल्क्स यांनी एडसॅक बनवला, तो ६ मे १९४९ रोजी चालला. त्यात सुमारे पाच फुटी नळ्या होत्या, पाऱ्यानं भरलेल्या. नळीच्या एका टोकाला आवाजाचे बारीक ठोके द्यायचे. पाऱ्यातून आवाज सेकंदाला साधारण साडेचौदाशे मीटर जातो, म्हणजे दुसऱ्या टोकाला पोचायला त्याला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. तिथं ते ठोके ऐकायचे, नीटनेटके करायचे आणि परत पहिल्या टोकाला सोडायचे. लहानपणी आपल्याला वाण्याकडं पाठवायचे तेव्हा आपण काय करायचो? 'दोन नारळ, पाव किलो गूळ, दोन नारळ, पाव किलो गूळ' असं घोकत जायचो. घोकणं थांबलं की विसरलं. एडसॅकची मेमरी म्हणजे हीच घोकंपट्टी. एका नळीत ५७६ ठोके मावत. तापमान बदललं की आवाजाचा वेग बदलायचा, म्हणून नळ्यांचं तापमान सांभाळत बसायचं. ॲलन ट्युरिंगनं पाऱ्याऐवजी जिन वापरा असं सुचवलं होतं, अशी गोष्ट सांगतात. त्यामागचा हिशेब खरा होता बरं का, पाण्यात योग्य प्रमाणात अल्कोहोल असलं तर त्या मिश्रणात तापमानानं आवाजाचा वेग फारसा बदलत नाही.

दुसरा तोडगा मँचेस्टरचा. फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी टीव्हीच्या पडद्यासारख्या नळीवर ठिपके उमटवून मेमरी केली. पडद्यावर विजेचा भार ठिपक्यासारखा बसतो आणि क्षणात विरायला लागतो, म्हणून तो वाचून पुन्हा पुन्हा उमटवत राहायचा. २१ जून १९४८ रोजी त्यांच्या 'बेबी' नावाच्या यंत्रानं पहिला प्रोग्राम चालवला. सतरा सूचना, बावन्न मिनिटं, आणि बत्तीस बिटांचे बत्तीस शब्द एवढी एकूण मेमरी. 'शब्द' म्हणजे इथं यंत्र एका वेळी उचलतं तेवढा बिटांचा गठ्ठा, आपल्या भाषेतला शब्द नव्हे.

दोन्ही तोडग्यांत एक खोट सारखीच होती. मेमरी टिकवायला यंत्राला सतत राबावं लागे, आणि वीज गेली की सगळं शून्य.

तिसरा तोडगा अमेरिकेत, एमआयटीत निघाला. तिथं व्हर्लविंड नावाचा संगणक बांधला जात होता. सुरुवात झाली नौदलाच्या वैमानिकांना शिकवण्याच्या यंत्रापासून, आणि पुढं त्याला काम मिळालं रडारवर दिसणाऱ्या विमानांचा माग काढायचं. म्हणजे यंत्रानं तिथल्या तिथं उत्तर द्यायला हवं, आणि ऐन वेळी बंद पडून चालणार नाही. त्याची मेमरी मात्र पडद्याच्या नळ्यांची, महागडी आणि दर काही दिवसांनी दगा देणारी. या कामाचे प्रमुख जे फॉरेस्टर. १९४९ मध्ये त्यांच्या पाहण्यात एका चुंबकीय पदार्थाची जाहिरात आली. एका दिशेनं चुंबकत्व दिलं की तो पदार्थ तसाच राहायचा आणि ठरावीक जोर लावला की झटक्यात उलटायचा. मधलं अधलं काही नाही. दाराची कडी जशी लावलेली तरी असते किंवा काढलेली तरी, तसं.

यातून आली कोअर मेमरी. फेराइटची, म्हणजे लोखंडाच्या भस्मासारख्या चिनीमातीची, मोहरीपेक्षा फार मोठी नसलेली कडी. एका कडीत एक बिट. चुंबकत्व एका अंगानं फिरलं तर एक, दुसऱ्या अंगानं फिरलं तर शून्य. हजारो कड्यांना वेगवेगळी तार द्यायची म्हणजे तारांचं जंगल होईल. फॉरेस्टरांची खरी करामत इथं आहे. कड्या चौकटीत मांडायच्या, आडव्या रांगेला एक तार आणि उभ्या रांगेला एक तार. कडी उलटायला जेवढा प्रवाह लागतो त्याचा निम्मा आडव्या तारेतून सोडायचा, निम्मा उभ्या तारेतून. रांगेतल्या बाकीच्या कड्यांना फक्त निम्मा जोर मिळतो, त्या ढिम्म राहतात. जिथं दोन तारा एकमेकींना छेदतात ती एकच कडी उलटते. बत्तीस आडव्या आणि बत्तीस उभ्या तारांत एक हजार चोवीस कड्यांमधली हवी ती कडी गाठता येते.

वाचण्याची तऱ्हा आणखी गमतीची आहे. कडीत काय आहे ते बाहेरून बघून कळत नाही. म्हणून तिला 'शून्य हो' असा हुकूम द्यायचा. ती आधीच शून्य असेल तर काही होत नाही. ती एक असेल तर उलटते, आणि उलटताना तिच्यातून जाणाऱ्या आणखी एका तारेत बारीकसा झटका बसतो. झटका आला, म्हणजे एक होतं. पण आता ते पुसलं गेलं! मग लगेच ते परत लिहायचं. वाचलं की पुसतं, म्हणून वाचल्याबरोबर लिहायचं, आणि हे सगळं सेकंदाच्या लाखाव्या भागात.

ऑगस्ट १९५३ मध्ये व्हर्लविंडमध्ये कोअर मेमरी बसली. आधी दर दोन तासांनी मेमरी कुठंतरी चुकायची, ते अंतर दोन आठवड्यांवर गेलं. हार्वर्डमध्ये ॲन वांग यांनीही चुंबकीय कड्यांवर स्वतंत्रपणे काम करून पेटंट मागितलं होतं, त्यामुळे पुढं वकिलांची बरीच सोय झाली. फॉरेस्टरांच्या पेटंटपोटी आयबीएमनं १९६४ मध्ये एमआयटीला एक कोटी तीस लाख डॉलर मोजले.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं वाटत असेल, तर थोडं आपल्या मुंबईकडं येऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकाच्या मध्यावर आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी संगणक बांधायला घेतला. तो १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या भेटीच्या वेळी त्याचं 'टिफ्रॅक' असं बारसं झालं. हिशेबाचे भाग व्हॅक्यूम ट्यूबांचे, पण मेमरी फेराइट कड्यांची. चाळीस बिटांचे २,०४८ शब्द. गुणाकार केला तर ८१,९२० कड्या. आजच्या मापात दहा केबी. देवनागरीचं एक चिन्ह आजच्या पद्धतीनं साठवायला तीन बाईट लागतात, तेव्हा टिफ्रॅकच्या अख्ख्या मेमरीत आमच्या या व्याख्यानाचा जेमतेम तिसरा हिस्सा मावला असता. आणि त्याच मेमरीवर शास्त्रज्ञ आपली गणितं सोडवून नेत होते. चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या संगणकात बदलता येणारी मेमरी किती होती? तीही २,०४८ शब्दच, आणि शब्द टिफ्रॅकपेक्षा आखूड. कुणी 'त्या काळात आपल्याकडं काय होतं' असं म्हणालं, तर हा आकडा सांगायला हरकत नाही.

आता या कड्या ओवायच्या कुणी? यंत्रं आली, पण ती पूर्ण काम करू शकली नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईनं तारा ओवणाऱ्या मुख्यतः बायका होत्या, आधी अमेरिकेत आणि मग मजुरी स्वस्त म्हणून पूर्व आशियात. अपोलोचा प्रोग्राम तर अक्षरशः विणलेला होता. तिथं कायमच्या मेमरीत तार कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. मॅसॅच्युसेट्समध्ये वॉल्थमच्या कारखान्यात बायकांनी ३६,८६४ शब्द असे विणले. अभियंत्यांनी तिला थट्टेनं 'म्हाताऱ्यांची मेमरी' अशा अर्थाचं नाव ठेवलं होतं. थट्टा करणाऱ्यांची नावं पुस्तकांत आली, विणणाऱ्यांपैकी फार थोड्यांची आली. प्रोग्राममध्ये चूक सापडली तर ती उसवून पुन्हा विणायला आठवडे जायचे, तेव्हा आधीच नीट तपासून घ्यायची शिस्त आपोआप लागली.

एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ ची ऑक्सिजनची टाकी फुटली. उरलेली वीज पृथ्वीवर उतरताना लागणार म्हणून मुख्य यानाचा संगणक बंद करण्यात आला. तीन दिवसांहून जास्त काळ तो गारठलेल्या, दमट यानात बंद पडून होता. उतरायच्या दिवशी बटण दाबलं, आणि प्रोग्राम जिथल्या तिथं होता. यान आत्ता कुठं आहे एवढे ताजे आकडे तेवढे द्यावे लागले. प्रोग्राम तारांत होता, त्याला विजेची गरजच नव्हती.

जमिनीवरही तेच. १९६५ मध्ये आलेला पीडीपी-८ हा छोटा संगणक प्रयोगशाळांतून लोक संध्याकाळी बंद करून घरी जात आणि सकाळी चालू करून पुढचं काम करत. प्रोग्राम कड्यांत तसाच बसलेला असे. त्याला एक जोड मिळायची. वीज जातेय असं कळलं की पूर्ण अंधार व्हायच्या आत जे काही हजारांश सेकंद मिळतात, तेवढ्यात यंत्र आपल्या हातातले आकडे कड्यांत ठेवून शांत होई. वीज आली की आपलं आपण उठून थांबलं तिथून पुढं चाले.

मग असं सोनं सोडलं का? पैसा, दुसरं काय. सुरुवातीला कोअर मेमरी बिटामागं डॉलरच्या घरात होती, ती उतरत उतरत सेंटापर्यंत आली. पण ओवणाऱ्या हातांचा वेग दरवर्षी दुप्पट होत नाही. सिलिकॉनवर छापणाऱ्यांचा होत होता. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये एका पेटंटनं मान्यता मिळाली. एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा भार धरणारी एक इवलीशी डबी, एवढ्यात एक बिट. अडचण एकच, की डबी गळकी. म्हणून गळकी बादली रिकामी व्हायच्या आत जशी पुन्हा भरायची, तसा प्रत्येक बिट वाचून पुन्हा लिहीत राहायचा. ही डी-रॅम. ऐकून ओळखीचं वाटलं ना? मँचेस्टरच्या पडद्याचीच तऱ्हा, पाऱ्याचीच घोकंपट्टी. फिरून आपण तिथंच आलो, फक्त फार स्वस्तात.

ऑक्टोबर १९७० मध्ये इंटेलनं ११०३ ही १,०२४ बिटांची चिप आणली आणि किमतीच्या लढाईत कोअर हरल्या, अशा अर्थाची जाहिरातच केली. दोन वर्षांत ती जगात सर्वाधिक विकली जाणारी चिप झाली. आजची रॅम त्याच घराण्यातली. तुमच्या खिशातल्या फोनला आठ जीबी रॅम असेल तर त्यात सुमारे ६,८७० कोटी गळक्या डब्या आहेत, आणि फोन टेबलावर नुसता पडलेला असला तरी साधारण दर चौसष्ट मिलिसेकंदांत त्यातली प्रत्येक पुन्हा भरली जाते. बॅटरीचा थोडा भाग यातच जातो.

आता या सोडण्याची किंमत. आयबीएमच्या सिस्टिम/३७० यंत्रांत काही आतल्या सूचना अशा विसराळू चिपांत ठेवल्या होत्या. रोज सकाळी यंत्र चालू केलं की त्या कुठूनतरी भराव्या लागणार. त्यासाठी स्वस्त, पाकिटातून पाठवता येईल असं काहीतरी हवं होतं. म्हणून १९७१ मध्ये आठ इंची फ्लॉपी आली, सुमारे ऐंशी केबीची. म्हणजे फ्लॉपीचा जन्मच मुळी मेमरी विसरायला लागली म्हणून झाला. ती फ्लॉपी गेली, पण 'सेव्ह'च्या बटणावर तिचं चित्र अजून आहे.

आणि हे 'सेव्ह' प्रकरण आपल्याला महाराष्ट्रात वेगळ्या तऱ्हेनं शिकावं लागलं. दोन हजारच्या दशकातलं भारनियमन आठवतंय ना? आम्ही तेव्हा एका टायपिंगच्या दुकानात बसून एका स्मरणिकेचा मजकूर तयार करून घेत होतो. ऑपरेटरताईंचा हात बिजलीसारखा. अकरा पानं झाली, शेवटचा परिच्छेद चालू होता, आणि वेळापत्रकाच्या वीस मिनिटं आधीच लाईट गेली. यूपीएस एकदा चिरकला आणि बंद. ताई एवढंच म्हणाल्या, 'सर, मी सेव्ह करणारच होते.' आम्ही त्या वेळी विजेला शिव्या दिल्या. विजेचा दोष होताच, पण यंत्राचाही होता, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्राचा तो नसता, हे आम्हाला फार पुढं वाचताना कळलं. ती अकरा पानं कड्यांत असती तर दोन तासांनी लाईट आल्यावर तिथंच भेटली असती. अर्थात तेवढ्या कड्या घ्यायला स्मरणिकेच्या मंडळाला गाव विकावं लागलं असतं.

चोपडीचा, म्हणजे स्टोरेजचा इतिहास त्या मानानं सरळ आहे, म्हणून भरभर सांगतो. १९५६ मध्ये आयबीएमनं रॅमॅक आणला. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, टनाहून जास्त वजन, आणि मावायची पन्नास लाख अक्षरं. तबकडीवरचा हवा तो ठिपका गाठायला सरासरी अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ. तबकड्या लहान आणि दाट होत गेल्या, आणि मग १९८० च्या दशकात तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी दाखवली. तीही डबीच, पण चारही बाजूंनी बंदिस्त. आत कोंडलेले इलेक्ट्रॉन वीज नसतानाही वर्षानुवर्षं राहतात. मग तीच पाटी म्हणून का नको? कारण कोंडलेलं आत-बाहेर करायला वेळ लागतो, पुसताना एकेक बिट न पुसता ठोकळाच्या ठोकळा पुसावा लागतो, आणि प्रत्येक वेळी भिंती थोड्या झिजतात. चोपडी म्हणून उत्तम, पाटी म्हणून नाही. फोनवरचा दुसरा आकडा हिचा.

तरी पाटी आणि चोपडी एक करायची हौस लोकांनी सोडलेली नाही. २०१५ मध्ये इंटेल आणि मायक्रॉन यांनी मोठा गाजावाजा करून थ्री-डी क्रॉसपॉइंट जाहीर केली. रॅमच्या जवळ जाणारा वेग आणि वीज गेली तरी न विसरणं, दोन्ही एकत्र. आडव्या तारा, उभ्या तारा आणि छेदावर एक बिट, मांडणीसुद्धा फॉरेस्टरांच्या चौकटीची आठवण करून देणारी. ऑप्टेन नावानं ती बाजारात आली. काम करत होती. पण रॅमपेक्षा हळू आणि फ्लॅशपेक्षा महाग, अशी मधल्यामध्ये अडकली. २०२२ मध्ये इंटेलनं तो धंदा गुंडाळला. १९७० मध्ये कोअर ज्या दुखण्यानं गेली, त्याच दुखण्यानं ही गेली. म्हणून दुकानदार अजून आपल्याला दोन आकडे सांगतो.

इथं थांबू. कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. आणि मागं टेबलावर काचेच्या डबीत कोअरची एक जुनी चौकट ठेवली आहे, ती जाता जाता बघून जा. भिंग शेजारी आहे. चौकट कुठल्या यंत्रातली आहे ते कळलेलं नाही, पण कड्या शाबूत आहेत, तेव्हा शेवटी जे काही लिहिलं गेलं होतं ते बहुधा अजून तिच्यात असेल.